लाल टिपका, हिरवा टिपका

गोंदियाच्या बाजारात रेडिओ आणि टेप दुरुस्त करणारी दुकानं पुष्कळ होती. पण सेट खोलला की तो कुणाच्या हातून गेला आहे हे आत पाहून सांगता यावं, असं दुकान एकच होतं. माझ्या उस्तादांचं. त्यांचा नियम साधा होता. ज्यानं जो पार्ट बदलला, त्यानं त्या पार्टच्या डोक्यावर नेलपॉलिशचा टिपका लावायचा. उस्तादांचा टिपका लाल. माझा हिरवा, कारण लग्नात माझ्या बायकोला मिळालेली हिरवी बाटली तिला मुळीच आवडत नव्हती आणि तिनं ती मला देऊन टाकली होती. टिपका म्हणजे सही, असं उस्ताद म्हणत. तो सेट वर्षानं परत आला तरी कुणी काय केलं यावर वाद होत नसे.

मी त्यांच्याकडे सहा वर्षं काम केलं. मी गोंदियाजवळच्या गोरेगावकडचा, घरी धानाची शेती, भाऊ शेत पाहायचे. मी रोज एसटीनं गोंदियाला जायचो. उस्ताद मला नावानं कधी हाक मारत नसत. ‘गाववाले’ म्हणत. त्यात माया होती असं मी तेव्हा समजत होतो.

१९९९ची दिवाळी. एका राइस मिलच्या सेठनं त्याचा स्टीरिओ रिसीव्हर दुकानात आणला. चांदीसारखं चमकणारं तोंड, लाकडी पेटी, निळ्या उजेडाची लांब काचपट्टी, आणि हातात भरेल एवढं ट्यूनिंगचं चाक. त्याच्या भावानं तो कधीतरी परदेशातून आणला होता. उस्तादांनी सेट तपासला आणि चार जुने कंडेन्सर बदलायला सांगून तो माझ्या हवाली केला. उरलेलं मुख्य काम, म्हणजे मोठ्या ट्रान्झिस्टरना किती करंट द्यायचा ते जुळवणं, त्यांनी स्वतःकडे ठेवलं. ते काम त्या बाजारात त्यांच्याशिवाय कुणाला नीट जमत नव्हतं.

मी ते काम केलं आणि सासुरवाडीच्या मंडईला गेलो. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. लेकी-जावई येतात, दंडारीचा नाच होतो, रात्रभर नाटक चालतं. सासुरवाडी केशोरीच्या बाजूला. तीन दिवसांनी परत आलो तेव्हा रिसीव्हर सेठकडे पोचलाही होता.

महिन्याभरानं सेठ दुकानात आला, हात हलवतच. सेट पुन्हा बंद पडला म्हणून त्यानं तो परस्पर नागपूरला दाखवला होता. तिथल्या मेकॅनिकनं सांगितलं की आतले मोठे ट्रान्झिस्टर असली नाहीत, कुणीतरी ते काढून डुप्लिकेट बसवले आहेत. सेठ हे मोठ्या आवाजात बोलत होता. शेजारचा चहावाला आणि समोरचा घड्याळजी दोघेही दाराशी येऊन उभे राहिले.

उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. मग सेठकडे.

“मैंने तो असली ही छोड़े थे, सेठजी,” ते म्हणाले. “गाँव का आदमी है. काम का अच्छा है, हाथ का सच्चा नहीं निकला.”

मी शपथा घेतल्या. सेट आणा, खोला, टिपके पाहा, असं म्हणालो. सेठ म्हणाला की हा सेट आता या दुकानात पुन्हा येणार नाही. उस्तादांनी माझा डबा टेबलावरून उचलून माझ्या हातात दिला. एवढंच. चहावाला मात्र बोलला. माझी एसटी सुटेपर्यंत ही गोष्ट अर्ध्या बाजाराला माहीत झाली होती.

पुढे मी गोरेगावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलं. शेतातल्या पंपाची मोटार जळाली की तिच्या तारा काढून नव्या भरायच्या. रेडिओ परत हातात घेतला नाही. पण बोल माझ्याआधी गावात पोचला होता. आठवडी बाजाराच्या दिवशी एक म्हातारा मोटार उतरवून म्हणाला, “मोटर देऊन राहिलो गा, पन तांबा तोलून देऊन राहिलो.” सगळे हसले, मीही हसलो. अशा प्रत्येक हसण्यानंतर मी मनात उस्तादांना त्याच लोकांसमोर उभं करत असे. दहा वर्षं मी ते दृश्य घासूनपुसून ठेवलं. त्यात सेठ असायचा, चहावाला, घड्याळजी, आणि मध्ये उस्ताद, मान खाली घातलेले. मुलाचं बारसं असो की बहिणीचं लग्न, मंडपात कुणी जुना गोंदियाचा माणूस भेटला की माझ्या डोळ्यांपुढे तेच येई.

२०१० साली ती मिल बंद पडली. तिथली जुनी वायरिंग काढणारा माणूस माझ्याकडे मोटार घेऊन आला होता. बोलता बोलता म्हणाला की सेठच्या ऑफिसात कोंड्याच्या पोत्यांमागे एक चांदीच्या तोंडाचा रेडिओ पडला आहे, भंगारात जाऊन राहिला. मी त्याची मोटार फुकट भरून दिली आणि त्यानं तो सेट मला आणून दिला. मी खात्री करून घेतली. तोंडाच्या उजव्या कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हर निसटून पडलेला ओरखडा होता. तो माझ्याच हातचा.

धानाची रोवणी आटोपली की मोटारींचं काम थंडावतं. त्या पावसाळ्यात मी दुकान दुपारी बंद करून घरी यायचो आणि सपरीत, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, सेट घेऊन बसायचो. लाइट जायची वेळ ठरलेली होती, त्या हिशोबानं काम ठरायचं. लाइट असेल तेव्हा तपासणी, नसेल तेव्हा सफाई.

पेटीचं लाकूड उधईनं, म्हणजे वाळवीनं, खाल्लं होतं. आत उंदरांनी धानाच्या कोंड्याचं घर केलं होतं. तीन दिवस मी नुसता ब्रश फिरवत होतो. स्टेशन दाखवणाऱ्या काट्याची दोरी कुजली होती, तिच्या जागी मासे पकडायच्या गळाची बारीक नायलॉन दोरी लावली. आवाजाचं बटण फिरवलं की खरखर यायची, ते पूर्ण खोलून पेट्रोलनं धुतलं. एवढी वर्षं न केलेलं काम हातांना आठवत होतं आणि मला त्याचा आनंद होत नव्हता. प्रत्येक स्क्रू मी उस्तादांच्या नावानं काढत होतो. हे मी लिहितो आहे कारण ते खरं आहे. माणसं छंद म्हणून जुने सेट जिवंत करतात, त्यांच्याबद्दल मी वाचलं आहे. मी तो सेट साक्षीदार म्हणून जिवंत करत होतो. पंचांसमोर न्यायच्या आधी त्याला बोलता करायचं होतं.

आणि तो बोलला. मागच्या ॲल्युमिनियमच्या पंख्याला, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्यांना, ते दोन मोठे ट्रान्झिस्टर स्क्रूनं आवळलेले होते. हातात घेतल्याबरोबर कळलं, वजन नाही. थिनरचा बोळा फिरवला तर वरचा छापील नंबर पुसून आला. डुप्लिकेट. आणि दोन्हींच्या डोक्यावर, स्वच्छ, गोल, लाल टिपका.

मी तिथंच बसून राहिलो. माणूस फसवतानाही सही करून गेला होता. सहा वर्षं आम्हाला जी सवय त्यांनी लावली, ती त्यांच्याच हाताला सोडवत नव्हती. मी बायकोला हाक मारली, तिला ते टिपके दाखवले. तिनं दहा वर्षं सासर-माहेर दोन्हीकडून ऐकलं होतं. तिनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली की आता त्यांना सोडायचं नाही.

ही गोष्ट इथं संपली असती तर मी ती छाती पुढे काढून सांगितली असती.

नागपूरहून दोन असली ट्रान्झिस्टर मिळवून आणले. बसवायच्या आधी, पुन्हा जळू नयेत म्हणून, मागच्या सगळ्या वाटा तपासल्या. सिरीज बोर्डावर, म्हणजे शंभरच्या बल्बमधून वीज देऊन, सेट सुरू केला की तो बल्ब एकदा पेटून मंद व्हायला हवा. माझा मंद होत नव्हता. दोन दुपारी मी शोधत होतो. शेवटी पंखा पूर्ण उतरवला. त्याच्या खाली, बोर्डाच्या अगदी कोपऱ्यात एक छोटा कंडेन्सर होता. तो गळत होता. त्याच्यामुळे ट्रान्झिस्टरकडे जायला नको ती वीज जात होती आणि कितीही असली ट्रान्झिस्टर लावले तरी ते तापून जळणार होते. कंडेन्सर जुना होता, सेटबरोबर परदेशातून आलेला. कुणी तो कधीच बदललेला नव्हता.

त्याच्या डोक्यावर हिरवा टिपका होता.

विसरलो होतो असं म्हणायला मला आवडेल. पण टिपका पाहिल्याबरोबर मला तो दिवस सगळा आठवला, म्हणजे तो विसरलेला नव्हताच. चार कंडेन्सर बदलायचे होते. तीन बदलले. चौथ्यासाठी पंखा उतरवावा लागला असता, तासभर तरी गेला असता, आणि केशोरीकडची गाडी सुटणार होती. मी मीटरचं टोक लांबून लावून पाहिलं. काटा बरा वाटला. कुठून तरी बाटलीचा ब्रश आत घातला, टिपका लावला आणि झोळी उचलली. आमच्या दुकानात न केलेल्या कामावर टिपका लावणं याच्याइतकं वाईट दुसरं काही नव्हतं. उस्तादांनी चोरी एक वेळ माफ केली असती.

सगळं माझ्यापुढे उलगडलं. मी मंडईत दंडार पाहत होतो तेव्हा उस्तादांनी करंट जुळवला, सेट चालवला, आणि असली ट्रान्झिस्टर त्यांच्या डोळ्यांसमोर जळाले. कारण शोधताना त्यांनी तो कंडेन्सर पाहिलाही असेल. पण त्यावर माझा टिपका होता, म्हणजे नवा होता, म्हणून सोडला असेल. मग स्वतःचाच हात चुकला असं समजून, लाज झाकायला, त्यांनी मिळाले ते डुप्लिकेट बसवले. पुढे ते खोटं बोलले, हे खरंच आहे. पण पहिलं खोटं माझं होतं.

बायको चहा घेऊन आली होती. तिनं वाकून पाहिलं.

“हा त माहा रंग होय,” ती म्हणाली.

मी तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, कप माझ्याजवळ ठेवला.

“मंग आता कोनाले दाखवाले चालले तुमी?”

मी तो कंडेन्सर काढला, पकडीनं चेचला आणि उकिरड्यावर फेकून दिला. नवा बसवला. असली ट्रान्झिस्टर बसवले. बल्ब पेटला आणि मंद झाला. काचपट्टीत निळा उजेड आला, आणि सपरीत असा आवाज भरला की शेजारी काम सोडून आले. लाल टिपक्यांचे ते दोन डुप्लिकेट मी रुमालात बांधून ठेवले. सुताराकडून सागवानाची नवी पेटी करून घेतली. पेटीला पॉलिश वाळेपर्यंतचे चार दिवस बायको माझ्याशी कामापुरतं बोलली.

मी सेठला निरोप पाठवला की तुमचा सेट वाजतो आहे, उस्तादांच्या दुकानात ऐकायला या. गोंदियाला पोचल्यावर चहावाल्याला आणि घड्याळजीला मी स्वतः बोलावलं. उस्ताद पाठीतून थोडे वाकले होते. मला पाहून म्हणाले, “अरे गाववाले, इतने दिन बाद?” आणि उठून स्टूल पुसून दिलं. माझ्या मनातल्या दृश्यात स्टूल पुसणं नव्हतं. तरी मी थांबलो नाही.

सेट सुरू केला. रेडिओवर एक बाई धानावरच्या किडीची माहिती देत होती, आणि ती जणू दुकानातच बसून बोलत होती. सेठ डोळे मिटून ऐकत राहिला. मग मी सेट बंद केला, रुमाल सोडला आणि ते दोन ट्रान्झिस्टर काउंटरवर ठेवले.

“उस्ताद, ये टिपका किसका है?”

त्यांनी चष्मा लावला. एक उचलला, उजेडाकडे धरला, खाली ठेवला. त्यांना खोटं बोलता आलं असतं. नेलपॉलिश कुणीही लावू शकतो. मी त्याच्या उत्तराचीही तयारी करून गेलो होतो.

“मेरा है,” ते म्हणाले. मग सेठकडे वळून हळूच सांगितलं की असली माझ्याच हातानं जळाले, या माणसानं काही घेतलं नव्हतं, मी खोटं बोललो. चहावाला जमिनीकडे पाहायला लागला. “करंट मैंने ही सेट किया था. क्या गलती हुई, आज तक समझ में नहीं आया. उसके बाद मैंने बड़ा सेट खोला ही नहीं. डर लगता है.”

त्यांनी आपला उजवा हात काउंटरवर उपडा ठेवला आणि त्याच्याकडे पाहिलं. तेव्हा मला बोलता आलं असतं. एक वाक्य पुरे होतं. मी एक वाक्य बोललोही.

“उमर हो जाती है, उस्ताद,” मी म्हणालो. “हाथ चला जाता है.”

१९९९ साली त्यांचं वय आजच्या माझ्या वयापेक्षा कमी होतं.

मला आनंद झाला, हे मी लपवत नाही. सेठनं सेट माझ्याकडेच राहू दिला आणि बाजारभर सांगितलं. गोरेगावातही पोचलं. जो म्हातारा तांबा तोलून देत होता, त्यानं स्वतः येऊन सांगितलं की मले त पयलेच वाटे गा. लोक घरी तो रिसीव्हर ऐकायला येत आणि मी लाल टिपक्यांची गोष्ट सांगत असे, दरवेळी थोडी अधिक रंगवून. बायको तेवढ्यापुरती आत निघून जाई.

वर्षभरानं गोंदियाहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरनं एक जड पेटी माझ्या दुकानात उतरवली. उस्तादांची हत्यारं होती. बारीक पकडी, त्यांचा जुना काट्याचा मीटर, करंट जुळवायचा त्यांचा खास स्क्रूड्रायव्हर, ज्याला ते मला हात लावू देत नसत. सोबत कागद होता. आता मी फक्त रिमोट आणि चार्जर दुरुस्त करतो, हे माझ्या कामाचं नाही, तुझा हात चांगला आहे. एवढंच लिहिलं होतं.

ती पेटी मी दोन वर्षं उघडून वापरली नाही आणि परतही केली नाही. मी माझ्या दहा वर्षांचा सूड घेतला होता, आणि त्या सुडानं एका माणसाकडून त्याचा हात काढून घेतला होता, जो हात कधी चुकलाच नव्हता. हे त्याला सांगू शकेल असा जगात मी एकटा होतो. बायकोला माहीत होतं, पण तिनं पुन्हा तो विषय काढला नाही. तिच्या न बोलण्याचीही मला चीड यायची. खोटं कशाला, उस्तादांचीही चीड यायची. पेटी पाठवून त्यांनी मला हरवलं असं वाटायचं.

शेवटी एका सोमवारी सकाळी पेटी घेऊन गेलो. दुकानात ते एकटे होते, एका रिमोटची बटणं साफ करत होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. चौथा कंडेन्सर, मंडईची गाडी, टिपका, उकिरडा. त्यांचं काम थांबलं नाही. बटणांची पट्टी परत बसवली, स्क्रू आवळला. मग विचारलं, “कौन सा? पंखे के नीचे वाला?”

मी हो म्हणालो.

“तेरा टिपका देख के मैंने उसको छोड़ दिया था,” ते म्हणाले. मग उजवा हात वर धरला, बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली, जसा एखादा पार्ट उलटसुलट करून पाहावा. त्यांचा चेहरा मोकळा होत गेला आणि मला वाटलं, आता ते मला माफ करतील. मी त्यासाठी तयार होऊन उभा होतो. डोळ्यांत पाणीही आलं होतं.

“उमर हो जाती है,” ते म्हणाले. “हाथ चला जाता है. ये तूने कहा था ना? सबके सामने?”

त्यांनी दाराशी जाऊन चहावाल्याला हाक मारली. चहा नको, तू ये, म्हणाले. तो हात पुसत आला. उस्तादांनी मला खुणावलं. मी सांगितलं. मधे मी उकिरड्याचा भाग गाळला, तर उस्ताद म्हणाले, “पूरा बता.” मी पूर्ण सांगितलं. मग त्यांनी घड्याळजीला बोलावलं. त्याला कमी ऐकू यायला लागलं होतं, म्हणून मला मोठ्यानं सांगावं लागलं, आणि रस्त्यावरचे दोघं-तिघं थांबून ऐकू लागले. घड्याळजी मधेच हसला, तेव्हा उस्तादही हसले. मी नाही.

मग त्यांनी सेठला फोन लावला. सेठचे गुडघे गेले होते, रिक्षानं यायला त्याला पाऊण तास लागला. तेवढा वेळ उस्तादांनी मला बसू दिलं नाही. स्वतः पेटीतून एकेक हत्यार काढून, पुसून, भिंतीवरच्या जुन्या खिळ्यांना अडकवत राहिले. सेठ आला, तेव्हा त्यांनी त्याला हात देऊन उतरवलं, स्टूल पुसून त्याच्यावर बसवलं, आणि माझ्याकडे वळले.

“फिर से,” ते म्हणाले. “शुरू से.”